मुलांच्या चालीनं

सुट्टी जवळ आली की रत्नागिरीतल्या आपल्या बहुतेक घरांत एकच हिशेब सुरू होतो. दोह्याहून, कुवेतहून, दुबईहून कोण कधी येणार, किती दिवस राहणार, त्यात लग्नं किती, दवाखाने किती, बँकेची कामं किती. हे सगळं वजा करून जे चार-पाच दिवस उरतात त्यांत "मुलांना कुठंतरी फिरवून आणू" असं ठरतं. या महिन्याच्या गप्पा त्या चार-पाच दिवसांविषयी आहेत. आम्ही हे दिवस एकदा पार वाया घालवले आणि एकदा बऱ्यापैकी वापरले. दोन्ही हकीकती सांगतो, म्हणजे आमची चूक तुम्हाला पुन्हा करावी लागणार नाही.

आमच्या घरात आम्ही दोघं, आमची १४ वर्षांची मुलगी, अम्मी, भावजय आणि तिची दोन मुलं: मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. धाकटा भाऊ दोह्यात नोकरीला असतो. वर्षातून एकदा येतो. मुलांना तो रोज रात्री फोनवर दिसतो. रेंज गेली की चेहरा तिथंच थिजतो, मग मुलं फोन आईच्या हातात देऊन खेळायला पळतात. बापाची ओळख एवढीच.

गेल्या वर्षी तो येण्याआधीच त्यानं दोह्यात बसून सहलीची यादी केली. फोनवर व्हिडिओ पाहून पाहून तीन दिवसांत अकरा ठिकाणं बसवली. आम्हीही मान डोलावली. वर्षभर राबणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

पहिल्याच दिवशी चौथ्या ठिकाणाला पोहोचेपर्यंत धाकटीला वळणावळणांच्या रस्त्यानं तीनदा उलटी झाली. थोरला प्रत्येक ठिकाणी विचारायचा, "आता इथं काय करायचं?" आणि त्याला उत्तर मिळायचं, "फोटो काढ आणि गाडीत बस." संध्याकाळी अम्मीला चक्कर आली. आम्ही घाबरलो. नंतर कळलं, तिनं फजरच्या नमाजेनंतर पाण्याचा घोटही घेतला नव्हता. वाटेत जायची सोय कुठं असेल कोण जाणे, मग पाणी पिऊन पंचाईत कशाला, असा तिचा हिशेब. भाऊ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांवर चिडलेला होता. पैसे त्याचे, सुट्टी त्याची, आणि कुणालाच मजा येत नाही हे त्याला दिसत होतं. त्या रात्री थोरल्यानं अंथरुणात आईला हळूच विचारलं, "अब्बा परत कधी जाणार?"

भिंत पातळ होती. भावानं ते ऐकलं. तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवसाची ठिकाणं रद्द करून आम्ही घरी परतलो.

यंदा तो यायच्या आधी आम्हीच ठरवलं की सहल पुन्हा करायची, पण आखणी वेगळी करायची. त्याला फोनवर एवढंच सांगितलं, "तू फक्त ये. यादी इथं होईल."

एकेक इच्छा

एका जुम्म्याला जेवणं झाल्यावर सगळ्यांना ओट्यावर बसवलं. प्रत्येकानं एकच इच्छा सांगायची, दुसरी नाही. भावानं फोनवरून सांगितलं, "मला बंदरावर मासळीचा लिलाव पाहायचाय. आपण अब्बांबरोबर मिरकरवाड्याला जायचो तसा." थोरल्याला समुद्रातला किल्ला हवा होता. धाकटीला "गाडी बोटीत बसते ती बोट". आमच्या मुलीला रेल्वेचा लांब बोगदा. भावजय म्हणाली, "मला एक दिवस असा द्या की स्वयंपाक नाही, गाडी नाही, काही नाही." अम्मीला विचारलं तर आधी म्हणाली, "मला काय पाहायचंय आता?" मग थोडं थांबून, "दाभोळची मशीद दाखवा एकदा."

अम्मीचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. रत्नागिरीहून दाभोळ काही परदेशात नाही, तरी गेल्या तीस वर्षांत ती तिकडं दोनदाच गेली होती, दोन्ही वेळा मयतीला. आपल्या घरांतल्या किती बायकांनी आपलाच जिल्हा लग्न आणि मयत यांच्या निमित्तानंच पाहिला आहे, याचा हिशेब एकदा आपापल्या घरी करून पाहावा. परदेशातल्या मॉलचे मजले आपल्या मुलांना पाठ असतात आणि दाभोळ नकाशात दाखवता येत नाही, त्याचं एक कारण हेही आहे.

सहलीची यादी या इच्छांतूनच तयार झाली. आम्ही दोघांनी आमच्या इच्छा बाजूला ठेवल्या, कारण कुणीतरी सामान मोजायला हवं होतं. चार दिवस, तीन रात्री. जयगडची फेरीबोट, गुहागर, दाभोळ, दापोली, हर्णै, आणि खेडहून कोकण रेल्वेनं परत. म्हणजे दिवसाला मोठी गोष्ट एकच.

आधी तालीम

निघण्याच्या आधीच्या रविवारी एक छोटी तालीम केली. गावातल्या गावातच संध्याकाळी सगळे थिबा राजवाड्यावर गेलो. मुलं किती चालतात, किती वेळानं भूक लागते, अम्मीचे गुडघे किती पायऱ्या सोसतात, हे घराजवळ कळलेलं बरं.

ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला, आणि १९१६ मध्ये राजा इथंच वारला. म्हणजे तीस वर्षं तो आपल्या गावात नजरकैदेत होता. थोरल्यानं विचारलं, "त्याला कुठंच जाता येत नव्हतं?" नाही, म्हटलं. "मग तो मुलांना सुट्टीत कुठं न्यायचा?" आम्हाला उत्तर सुचलं नाही. पण मुलगा पहिल्यांदाच एखाद्या जागेबद्दल आपणहून प्रश्न विचारत होता. गेल्या वर्षी अकरा ठिकाणांत त्यानं असा एकही प्रश्न विचारला नव्हता.

तालमीतून कळलं की धाकटी तासाभरानं थकते, पण अर्धा तास मातीत खेळू दिलं की पुन्हा ताजी होते. अम्मी सपाटीवर छान चालते, उतारावर हात लागतो. एवढ्यावर पुढचं वेळापत्रक बेतलं.

काही नियम

पहिला नियम पाण्याचा आणि शौचालयाचा. हे लिहायला कुणी लाजू नये. बायका आणि म्हाताऱ्या माणसांची सहल याच एका गोष्टीवर बिघडते. आम्ही थांबे ठरवले ते प्रेक्षणीय स्थळं पाहून नाही; जिथं बऱ्यापैकी स्वच्छ सोय मिळेल असं मुक्कामाचं घर, जेवणाची जागा, पेट्रोल पंप, नातेवाइकांचं घर, अशी ठिकाणं आधी वहीत लिहिली. दोन थांब्यांमध्ये दीड तासाहून जास्त अंतर ठेवलं नाही. मग अम्मीला सांगितलं, "प्रत्येक थांब्यावर एक पेला पाणी प्यायचं, तुझ्यासाठीच थांबतोय." ती प्यायली. यंदाच्या सहलीतली सर्वांत मोठी कमाई कुठली विचाराल तर आम्ही हीच सांगू.

दुसरा नियम उलटीचा. सकाळी गाडीत बसण्यापूर्वी तेलकट काही नाही. तांदळाची भाकरी, केळं, बस्स. धाकटीला खिडकीशी बसवून लांब पाहायला लावलं, फोन हातात दिला नाही. वळणांच्या रस्त्यावर फोन पाहत बसलेलं मूल हमखास ओकतं.

तिसरा नमाजेचा. आपल्या कोकणातली बहुतेक घरं शाफई. प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची, चार रकातींच्या दोन करण्याची मुभा आहे, पण तिला अंतराच्या आणि मुक्कामाच्या अटी आहेत. आपला प्रवास त्यात बसतो का आणि कुठून कुठपर्यंत, हे निघण्यापूर्वी मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना विचारून घेतलं. हनफी घरांनी आपला मसला वेगळा विचारावा. बायकांसाठी सगळ्याच मशिदींत जागा नसते, म्हणून दोन जानमाजी, एक जाड चादर आणि वजूसाठी पाण्याचा कॅन गाडीत ठेवला.

चौथा जेवणाचा. दापोली, हर्णै, दाभोळ भागात आपली वस्ती आहे, तिथं अडचण येत नाही. बाकी ठिकाणी मटण-कोंबडीच्या भानगडीत न पडता मासळी किंवा शाकाहारी घेतलं. मुक्कामाच्या घरी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की माणसं आठ, त्यात एक म्हातारी आणि एक लहान मूल, तिखट कमी. कोकणातल्या घरगुती निवासांत असं सांगितलेलं आवडतं.

पाचवा समुद्राचा, आणि हा सगळ्यांत कडक. आरे-वारे, गणपतीपुळे भागात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात. पाणी शांत दिसतं, पण ओहोटीची ओढ पायाखालची वाळू काढून नेते. मुलं गुडघ्याच्या वर पाण्यात नाहीत, आणि प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, हातात फोन न घेता. बायकांनीही लक्षात ठेवावं की भिजलेला बुरखा किंवा ओढणी लाटेत पायाला गुंडाळते; पाण्याकाठी कपडा आटोपशीर हवा.

भरती-ओहोटीचा हिशेब अम्मीनं मुलांना शिकवला तो इथं मुद्दाम देतो. आपल्या घरात भिंतीवर चांदाच्या तारखांचं कॅलेंडर असतंच. महिन्याच्या सुरुवातीला, नवा चांद दिसतो त्या दिवसांत, आणि पुन्हा १४-१५-१६ तारखेच्या आसपास समुद्राला उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. सात-आठ आणि बावीस-तेवीस तारखेच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. दिवसात भरती दोनदा येते आणि रोज साधारण पाऊण तास ते तासभर पुढं सरकते. आम्ही भांगाचे दिवस पाहून निघालो. थोरल्यानं चारही दिवस चांदाची तारीख पाठ ठेवली. शाळेच्या भूगोलात चंद्र आणि भरती यांचा धडा त्याला होता, पण घरातल्या कॅलेंडरशी त्याचा संबंध आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं.

फेरीबोट आणि गुहागर

पहिल्या दिवशी किनाऱ्याच्या रस्त्यानं जयगडला गेलो. इथं शास्त्री नदी समुद्राला मिळते. पलीकडे तवसाळ. पूर्वी गाडीनं पलीकडे जायचं तर चिपळूणमार्गे मोठा वळसा. आता गाड्या फेरीबोटीत चढतात आणि थोड्याच वेळात पलीकडे उतरतात. सुट्टीच्या दिवसांत गाड्यांची रांग लागते आणि शेवटची फेरी चुकली तर सगळं वेळापत्रक कोसळतं, म्हणून आदल्या दिवशी वेळा विचारून ठेवाव्यात.

धाकटीसाठी सहल इथंच पूर्ण झाली होती. गाडीखाली जमीन हलते आणि गाडी मात्र उभीच, याचं तिला इतकं नवल वाटलं की पलीकडे उतरल्यावर ती म्हणाली, "परत जाऊ." मोठ्यांना फेरी म्हणजे रस्त्यातली अडचण वाटते. पाच वर्षांच्या मुलाला तेच मुक्कामाचं ठिकाण असतं. आम्ही तवसाळच्या धक्क्यावर अर्धा तास थांबलो आणि पुढची फेरी येऊन गेलेली पाहिली. यादीत त्याला वेळ दिलेला होता, म्हणून कुणी घड्याळ पाहिलं नाही.

रात्री गुहागरला. दुसऱ्या दिवसाची सकाळ भावजयीची होती. सुरूच्या बनात चटई टाकून ती दीड तास झोपली. मुलं वाळूत विहीर खणत होती. भाऊ त्यांच्याजवळ नुसता बसून होता. थोड्या वेळानं थोरला म्हणाला, "अब्बा, तुम्ही खणा, मी पाणी काढतो." दोघांचं बोलणं असं विशेष काही झालं नाही. पण गेल्या वर्षी तीन दिवसांत दोघं एका जागी दहा मिनिटं बसले नव्हते.

जोहरच्या वेळी जानमाजी अंथरल्या तेव्हा आमच्या मुलीच्या लक्षात आलं की किब्ला समुद्राकडे आहे, पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. घरात आपण भिंतीकडे तोंड करतो, म्हणून हे कधी जाणवत नाही. अम्मी म्हणाली, "याच पाण्यावरून आपली माणसं हजला जायची."

दाभोळ

असरच्या आधी धोपाव्याहून दुसरी फेरीबोट धरली. वाशिष्ठीच्या मुखावर उजवीकडे दाभोळ, मागं गुहागरच्या बाजूला वीज प्रकल्पाच्या चिमण्या. या प्रकल्पाला जगभर दाभोळ प्रकल्प म्हणून ओळखतात, पण तो आहे खाडीच्या अलीकडे अंजनवेलच्या बाजूला. थोरल्याला हे फार गमतीचं वाटलं.

दाभोळ एकेकाळी या किनाऱ्यावरचं मोठं बंदर. बहमनी आणि मग आदिलशाही राजवटीत इथं अरबस्तानातून घोडे उतरत, कापड आणि मसाला बाहेर जाई. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी दख्खन पाहून परतताना इथूनच जहाजात बसला. बंदराची दौलत इतकी की १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी त्यावर हल्ला करून ते जाळलं.

मशीद धक्क्यापासून जवळच आहे. काळ्या दगडाची, मोठा घुमट, चार मिनार. लोक तिला अंडा मशीद म्हणतात, कुणी माँसाहेबाची मशीद म्हणतात. आदिलशाही काळातली ही इमारत. तिची गोष्ट अम्मीनं पायरीवर बसून मुलांना सांगितली, जशी तिला तिच्या नानीनं सांगितली होती. विजापूरची एक शहजादी हजला जायला निघाली आणि दाभोळपर्यंत आली. समुद्रावर लुटारूंचा धोका होता, जहाज सुटेना. सोबत आणलेला पैसा परत न्यायचा नाही असं तिनं ठरवलं आणि त्यातून ही मशीद उभी केली. लोककथेत वर्षं पुढंमागं होतात, पण दाभोळची माणसं ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत.

मग अम्मी आपल्या लहानपणावर आली. तेव्हा मुंबईला जायचं ते आगबोटीनं. आगबोट धक्क्याला लागत नसे, लांब पाण्यात उभी राही. माणसं पडावातून तिथवर जायची आणि हलत्या पडावातून शिडी धरायची. तिला तिच्या अब्बांनी खांद्यावर घेऊन चढवलं होतं. खाली काळं पाणी आणि अब्बांच्या टोपीला घट्ट धरलेले तिचे हात, एवढं तिला आठवतं. ही गोष्ट आम्हीही पहिल्यांदाच ऐकत होतो. चाळीस-पन्नास वर्षं ती आमच्याबरोबर राहते आहे, पण तिला दाभोळच्या धक्क्यावर बसवून कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही तिथं दोन तास होतो. गेल्या वर्षीच्या यादीत दाभोळला वीस मिनिटं दिली होती, आणि तीही शेवटी कापली होती.

हर्णै

दापोलीत दोन रात्री एकाच घरी राहिलो. मुलं बरोबर असताना रोज सामान बांधणं-सोडणं हा अर्धा थकवा असतो. तो वाचवावा.

तिसऱ्या दिवशी हर्णै. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. १७५५ मध्ये इंग्रजांच्या आरमारानं हा किल्ला आंग्र्यांकडून घेतला. मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, त्यांत हा आहे. होडीनं जावं लागतं, पावसाळ्यात होड्या बंद. किल्ल्यात सावली किंवा शौचालय मिळेल असं धरून चालू नये. म्हणून सगळ्यांनी जायचा हट्ट धरला नाही. भाऊ, थोरला आणि आमची मुलगी गेले. अम्मी, भावजय आणि धाकटी किनाऱ्यावर राहिल्या. सहलीला सगळे एकत्र निघाले म्हणून सगळ्यांनी सगळं एकत्रच पाहिलं पाहिजे, हा हट्टच मुळात बऱ्याच सहली बिघडवतो.

संध्याकाळी बंदरावर लिलाव. होड्या येत होत्या, टोपल्या उतरत होत्या, बोली चालली होती. थोरला आधी वासानं नाक दाबून उभा राहिला. भाऊ मात्र बदललाच. ढिगाकडे बोट दाखवत तो एकेक नाव सांगू लागला: सुरमई, हलवा, सरंगा, बांगडा, ही मोरी, ती तारली. गलफडं उघडून ताजा कसा ओळखायचा, डोळा कसा पाहायचा. बोली कुठं थांबणार हे तो आधीच सांगायचा आणि दोनदा तर बरोबर निघालं. लहानपणी अब्बांचं बोट धरून मिरकरवाड्याला जाताना शिकलेलं त्याच्या हातात अजून होतं. मुलानं नाकावरचा हात कधी काढला, आम्हाला कळलं नाही. "तुम्हाला हे कसं येतं?" त्यानं विचारलं. भाऊ म्हणाला, "माझ्या अब्बांनी शिकवलं."

दोह्यात तो काय काम करतो ते मुलाला नीट माहीत नाही, दाखवताही येत नाही. आपला बाप काहीतरी जाणणारा माणूस आहे, हे मुलाला हर्णैच्या बंदरावर दिसलं. आम्ही त्या संध्याकाळची आखणी एवढीच केली होती की त्यानंतर दुसरं काही ठेवलं नव्हतं. मगरिबची अजान होईपर्यंत दोघं तिथंच होते. दोन मोठ्या सुरमया घेऊन आले. मुक्कामाच्या घरच्या बाईंनी हसत हसत त्या तव्यावर टाकल्या.

बोगदा

चौथ्या दिवशी गाडी सामानासह पुढं धाडली आणि आम्ही खेडहून रेल्वेत बसलो. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला. त्याआधी अम्मीच्या पिढीनं आगबोट आणि एस. टी. यांवर जन्म काढला. खेड ते रत्नागिरी या टप्प्यात मुलांना बोगदे मोजायचं काम दिलं. रत्नागिरी यायच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब. डबा अंधारला आणि अंधार संपेचना तेव्हा धाकटीनं दादीचा हात धरला. आमच्या मुलीनं मिनिटं मोजली. उजेड आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "झालं?"

खर्चाचं विचाराल तर अकरा ठिकाणांच्या सहलीपेक्षा कमी आला. पेट्रोल कमी लागलं, वाटेत रडणाऱ्या मुलांना गप्प करण्यासाठी घ्यायची खरेदी झालीच नाही. हिशेबाची वही आमच्या मुलीनं लिहिली. त्यामुळे घरात पैसा कसा जातो हे तिलाही कळलं आणि रोज संध्याकाळी चाचांना हिशेब वाचून दाखवताना तिची ऐट पाहण्यासारखी होती.

आता कुणी म्हणेल, गणपतीपुळ्याजवळून गेलात आणि मालगुंड पाहिलं नाही, हेदवी पाहिलं नाही, आंजर्ले राहिलं. राहिलं खरं. जिल्हा इथंच आहे. मुलं मात्र दर वर्षी वाढतात आणि बाप दर वर्षी थोडेच दिवस येतो. त्या थोड्या दिवसांत किती जागा पाहिल्या यापेक्षा कुणी कुणाबरोबर किती वेळ बसलं, हे आम्ही यंदा मोजलं.

भावाची सुट्टी संपली. स्टेशनवर त्याला पोहोचवायला सगळे गेलो. गाडी यायच्या आधी थोरल्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून बापाला दिला. भावानं तो गाडीत बसल्यावर उघडला आणि फोटो काढून आम्हाला पाठवला. शाळेच्या वहीचं पान होतं. वर लिहिलं होतं, "पुढच्या वर्षी". खाली तीन ओळी. "१. कशेळीचा दगडातला हत्ती. २. राजापूरचं गरम पाणी. ३. फेरीबोट, कुठलीही चालेल."

आणि त्याखाली, अधोरेखित करून: "चौथं नको."